मोफत संकेतस्थळ सेवांवरील मजकुराचे नियंत्रण : मालकी, ताबा व अधिकार यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

लेखनाचा इतिहास हा जसा लेखकांचा इतिहास आहे, तसाच तो लेखन सांभाळणाऱ्यांचाही इतिहास आहे. बीड जिल्ह्यातील अभ्यासकास हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर लिहिलेली पासोडी आज आपणास ज्ञात आहे, याचे कारण पिढ्यानपिढ्या ती जपणारे हात होते. याउलट बीड येथील पाटांगण या स्थानी मिळालेल्या पोथीच्या आधारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आवृत्ती प्रसिद्ध केली. परंतु ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. छापील आवृत्ती राहिली, पोथी गेली. मजकूर कोणाचा आणि तो कोणाच्या ताब्यात, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आंतरजालावर ‘मोफत जागा’ देणाऱ्या सेवा सुरू झाल्या आणि हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. सामान्य माणसाने कविता, गावाची माहिती, छायाचित्रे, वंशावळी, शोधनिबंध अशा कितीतरी गोष्टी या जागेवर ठेवल्या. जागेचे भाडे नव्हते. त्यामुळे भाडेकरूचे हक्कही नव्हते. या मजकुरावर खरे नियंत्रण कोणाचे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मोफत संकेतस्थळ सेवांच्या उदयाचा व अस्ताचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) अशा सेवांवरील मजकुराची मालकी, ताबा आणि तो काढून टाकण्याचा अधिकार यांतील भेद स्पष्ट करणे.
३) महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्याशी निगडित घटनांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप तपासणे.
४) महाविद्यालये व प्राध्यापक यांच्या दृष्टीने काही उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी, न्यायालयीन निर्णय आणि प्रसिद्ध घटनाक्रम यांचा आधार घेतला आहे. १९९४ ते २०२४ हा तीन दशकांचा कालखंड विचारात घेतला आहे.

मोफत जागेचा उदय :

१९९४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बोह्नेट व जॉन रेझनर यांनी सुरू केलेला उपक्रम पुढे ‘जिओसिटीज’ या नावाने प्रसिद्ध झाला. या सेवेची रचना नगरासारखी होती. वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या ‘वस्त्या’ होत्या आणि प्रत्येक वापरकर्त्यास त्या वस्तीत एक क्रमांक, म्हणजे जणू घरपत्ता, मिळत असे. वापरकर्ते स्वतःस रहिवासी समजत. या मोबदल्यात कंपनी त्यांच्या पानांवर जाहिराती दाखवीत असे. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ येथेच ध्यानात घ्यावयास हवा. किंमत होतीच; ती केवळ रुपया-डॉलरमध्ये घेतली जात नव्हती.

मराठी भाषकांनीही अशा मोफत सेवांचा उपयोग केला. त्या काळात युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक अस्तित्वात आले होते आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीस स्थान होते. तथापि प्रत्यक्षात मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटमध्येच लिहिला जाई. वाचकास प्रथम तो विशिष्ट फाँट उतरवून घ्यावा लागे. फाँट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे उमटत. म्हणजेच त्या पिढीच्या मराठी मजकुराच्या दोन किल्ल्या होत्या. एक जागा देणाऱ्या कंपनीकडे आणि दुसरी फाँट तयार करणाऱ्याकडे. लेखकाकडे यांपैकी एकही नव्हती.

याच काळात, १९९६ मध्ये, परदेशस्थ मराठी मंडळींच्या प्रयत्नातून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यानंतर २००४ मध्ये ‘मनोगत’ व २००७ मध्ये ‘मिसळपाव’ यांची भर पडली. ही संकेतस्थळे मराठी माणसांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या व्यवस्थेत चालविली, ही बाब या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेथेही संपादकीय अधिकार चालकांकडेच असतो. परंतु चालक त्याच भाषेचा, त्याच समाजाचा असतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो.

१९९९ चा वाद आणि मालकीचा प्रश्न :

जानेवारी १९९९ मध्ये ‘याहू’ने जिओसिटीज विकत घेण्याची घोषणा केली. हा व्यवहार साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा होता. या रकमेत इमारती वा यंत्रे फारशी नव्हती. कंपनीचे मोल मुख्यतः लाखो सामान्य माणसांनी विनामूल्य तयार केलेल्या पानांमुळे व त्यावर येणाऱ्या वाचकांमुळे ठरले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये नव्या मालकाने सेवेच्या अटी बदलल्या. वापरकर्त्यांनी ठेवलेला मजकूर कायमस्वरूपी, मोबदल्याविना, कोणत्याही माध्यमात वापरण्याचा व त्यात फेरफार करण्याचा व्यापक हक्क कंपनीस मिळेल, असा त्या अटींचा आशय होता. याविरुद्ध वापरकर्त्यांनी तीव्र निषेध केला. अनेकांनी आपली पाने रंगहीन केली, काहींनी मजकूर काढून घेतला. अल्पावधीतच कंपनीस माघार घ्यावी लागली व सुधारित अटी प्रसिद्ध कराव्या लागल्या. मोफत जागेवरील रहिवाशांनी सामूहिकपणे आपला हक्क सांगितल्याचे हे एक आरंभीचे ठळक उदाहरण होय.

या वादानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी शहाणपणाची भाषा स्वीकारली. ‘मजकुराची मालकी तुमचीच राहील, आम्हास केवळ तो साठविण्याचा, दाखविण्याचा व सेवेसाठी वापरण्याचा परवाना द्यावा,’ अशा स्वरूपाचे कलम रूढ झाले. वरवर पाहता प्रश्न मिटला. परंतु सातबाऱ्यावर नाव आपले आणि जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत, अशी स्थिती मराठवाड्यातील शेतकऱ्यास अपरिचित नाही. नाव लागणे आणि वहिवाट असणे यांत किती अंतर असते, हे तो जाणतो.

भारतीय कायद्यातील स्थिती :

भारतात ‘कॉपीराइट अधिनियम, १९५७’ नुसार मूळ साहित्यकृतीचा प्रथम स्वामी सामान्यतः लेखकच असतो. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीत असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मर्यादित समजला जातो. कलम ५७ ने लेखकास आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि तिच्या प्रतिष्ठेस बाधक अशा विकृतीस विरोध करण्याचा विशेष हक्क दिला आहे. हा हक्क मालकी विकल्यानंतरही लेखकाकडे राहतो.

या तरतुदी लेखकाच्या बाजूच्या आहेत, हे मान्य करावे लागेल. तथापि मोफत सेवा हस्तांतरण मागत नाहीत, त्या परवाना मागतात. परवान्यासाठीही कलम ३० अन्वये लेखी स्वरूप आवश्यक आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने तेथील स्वाक्षरीची अट काढून टाकली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १०-अ मुळे केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात झाला या कारणास्तव करार अवैध ठरत नाही. परिणामी ‘मान्य आहे’ या खुणेवर बोट ठेवताच परवाना दिला जातो. करार इंग्रजीत, दीर्घ आणि एकतर्फी असतो. त्यातील एकही ओळ बदलण्याची मुभा वापरकर्त्यास नसते.

त्याहून मूलभूत उणीव वेगळीच आहे. कॉपीराइट कायदा लेखकास नक्कल रोखण्याचा हक्क देतो; आपली कृती दुसऱ्याच्या यंत्रावर टिकवून ठेवावी, असे बंधन तो कोणावरही घालत नाही. चोरीविरुद्ध दाद मागता येते, विनाशाविरुद्ध मात्र जवळजवळ नाही.

औरंगाबाद खंडपीठ, ऑर्कुट आणि महाराष्ट्रातील घटनाक्रम :

या प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे मजकूर काढून टाकण्याचा अधिकार. या संदर्भात मराठवाड्याचे नाव आरंभीच्या काळातच येते. ऑक्टोबर २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे एका वकिलाने जनहित याचिका दाखल केली. गुगलच्या ‘ऑर्कुट’ या सेवेवर भारताविषयी द्वेष व्यक्त करणारा एक गट असून तेथे राष्ट्रध्वजाचा अवमान करणारे चित्र आहे, अशी तक्रार होती. खंडपीठाने या प्रकरणी गुगलला नोटीस बजावण्याचे निर्देश राज्य शासनास दिले. बीड जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. सातासमुद्रापलीकडील कंपनीच्या यंत्रावरील, अज्ञात व्यक्तीने लिहिलेल्या मजकुरास उत्तरदायी कोण, हा प्रश्न अशा प्रकारे आपल्या विभागातील न्यायालयापुढे आला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर आढळल्याने पुण्यात तीव्र प्रतिक्रिया उमटली. २००७ मध्ये काही ठिकाणी सायबर कॅफेंवर हल्ले झाले. मजकूर लिहिणारा अदृश्य, कंपनी दूरस्थ; म्हणून राग निघाला तो गल्लीतल्या कॅफेचालकावर. याच प्रकरणाच्या तपासात ऑगस्ट २००७ मध्ये बेंगळुरू येथील एका संगणक-अभियंत्यास अटक झाली. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने पुरविलेली माहिती चुकीची होती, हे नंतर उघड झाले. तोपर्यंत त्या निरपराध तरुणाने सुमारे पन्नास दिवस तुरुंगात काढले होते. मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कंपन्यांकडील नोंदींवर आपले स्वातंत्र्य किती अवलंबून आहे, याचे याहून विदारक उदाहरण क्वचितच मिळेल.

शासनाच्या आदेशांचा अनुभवही लक्षणीय आहे. सप्टेंबर २००३ मध्ये याहूवरील एका चर्चागटावर बंदी घालण्याचा आदेश निघाला. सेवा पुरवठादारांनी मात्र याहूचे सर्वच गट काही काळ बंद केले. जुलै २००६ मध्ये, मुंबईतील उपनगरी रेल्वेगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर, काही मोजकी पाने रोखण्याचा आदेश होता. प्रत्यक्षात मोफत अनुदिनी व जिओसिटीजसारख्या सेवांची सरसकट दारे बंद झाली. एका घरावरील जप्तीसाठी अख्खी गल्ली बंद करावी, तसा हा प्रकार होता. मोफत जागेवर राहणारा लेखक आपल्या शेजाऱ्याच्या कृत्याचाही धनी ठरतो.

मध्यस्थाचे दायित्व :

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या मूळ कलम ७९ नुसार सेवा पुरवठादारास आपणास माहिती नव्हती अथवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करावे लागे. डिसेंबर २००४ मध्ये एका लिलाव संकेतस्थळावर तिसऱ्याच व्यक्तीने ठेवलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीबद्दल त्या संकेतस्थळाच्या मुख्याधिकाऱ्यास अटक झाली. त्यानंतर या कलमावर मोठी चर्चा झाली व २००८ च्या दुरुस्तीने (अंमल २७ ऑक्टोबर २००९ पासून) मध्यस्थास अधिक स्पष्ट संरक्षण मिळाले. मात्र ११ एप्रिल २०११ च्या नियमांनी तक्रार आल्यावर छत्तीस तासांत कार्यवाहीची अपेक्षा ठेवली. तक्रार रास्त आहे की नाही, हे ठरविण्यापेक्षा मजकूर काढून टाकणे कंपनीस सोयीचे झाले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या मताबद्दल दोन तरुणींना अटक झाली आणि कलम ६६-अ चा प्रश्न देशापुढे आला. २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. कलम ७९ चा अर्थ लावताना न्यायालयाचा आदेश अथवा शासनाची अधिसूचना आल्यावरच मजकूर काढण्याचे बंधन मध्यस्थावर येते, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. तथापि हा निर्णय कंपनीवरील सक्तीपुरता आहे. कंपनीने स्वेच्छेने, आपल्या अटींचा हवाला देऊन मजकूर काढल्यास काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

२५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी त्यास अंशतः उत्तर दिले. मोठ्या समाजमाध्यमांनी स्वतःहून मजकूर काढल्यास वापरकर्त्यास कारण कळवावे व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, अशी तरतूद झाली. याच नियमांत काढलेला मजकूर १८० दिवस जतन करण्याचे बंधन आहे. पण ते कशासाठी? तपासासाठी. लेखकास परत देण्यासाठी नव्हे. शासनाच्या सत्यशोधन कक्षासंबंधीची २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविली, ही बाबही येथे नोंदविणे आवश्यक आहे.

सेवेचा अंत आणि मजकुराचा अंत :

वरील सर्व वादांत निदान एक पक्षकार असतो, एक कारण असते. परंतु सर्वाधिक मजकूर नष्ट झाला तो कोणताही वाद न होता. २६ ऑक्टोबर २००९ रोजी याहूने अमेरिकेतील जिओसिटीज बंद केली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत त्यातील जमेल तेवढा भाग उतरवून घेतला, म्हणून आज त्याचे अवशेष पाहावयास मिळतात. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. याहूच्या गटांवरील जुना मजकूर २०१९-२० मध्ये काढून टाकण्यात आला व डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच थांबली. ज्या ऑर्कुटवरील मजकुरासाठी न्यायालये, पोलीस व रस्ते यांनी एवढी दखल घेतली, त्या ऑर्कुटचा अभ्यास आज एखाद्या इतिहासाच्या विद्यार्थ्यास करावयाचा झाल्यास मूळ साधने जवळजवळ हाती लागत नाहीत.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. एम.फिल.च्या अभ्यासकाळात जिल्ह्यातील काही गावांतील वीरगळांची छायाचित्रे व नोंदी एका मोफत सेवेवर ठेवल्या होत्या. संगणक स्वतःचा नव्हता. कॅफेत बसून काम होई, त्यामुळे हीच जागा सुरक्षित वाटली. पुढे ती सेवा बंद झाली. सूचनेचा ई-मेल ज्या खात्यावर आला, ते खाते वापरात नव्हते. नंतर त्यांपैकी एका गावी पुन्हा गेलो असता वीरगळास तैलरंगाचे जाड थर दिलेले आढळले. त्यावरील शिल्पपट्ट्या ओळखू येत नव्हत्या. रंग देणाऱ्या गावकऱ्यांची श्रद्धा होती, सेवा बंद करणाऱ्या कंपनीचा हिशेब होता आणि प्रत न ठेवणाऱ्या संशोधकाचा आळस होता. तिघांपैकी दोष द्यावयाचा झाल्यास तो तिसऱ्यास द्यावा लागेल.

चर्चा :

इतिहासाच्या दृष्टीने एक तुलना उद्बोधक ठरते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक केले. हेतू नजर ठेवण्याचाही होता. परंतु त्यातूनच ग्रंथसूची व संग्रह निर्माण झाले आणि आज आपण त्यांच्या आधारे संशोधन करतो. निजामी राजवटीत आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ पत्रावर बंदी आली, तेव्हा ते नावे बदलून पत्र काढीत राहिले. बंदीचा हुकूम दफ्तरात राहिला, पत्राचे अंक वाचकांच्या घरी राहिले. सत्तेने दडपलेल्या मजकुराचाही माग राहतो, कारण त्याच्या अनेक प्रती असतात आणि दडपणारा कागद मागे ठेवतो.

मोफत सेवेवरील मजकुराचे तसे नाही. तेथे प्रत एकच, तीही परक्या यंत्रावर. ती पुसली गेल्यास पुसल्याचा हुकूमही सापडत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने मुद्रित ग्रंथांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयासह निवडक ग्रंथालयांत जमा करण्याची व्यवस्था झाली. केवळ आंतरजालावर असलेल्या मराठी मजकुरास असे आश्रयस्थान त्या कायद्याने दिलेले नाही.

अर्थात, मोफत सेवांचे ऋण नाकारता येणार नाही. ज्याच्याजवळ प्रकाशक नव्हता, पैसा नव्हता, मोठ्या शहराचा पत्ता नव्हता, त्यास प्रथमच वाचक मिळाला. ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकाचा लेख दुसऱ्या देशात वाचला जाऊ लागला. म्हणून प्रश्न या सेवा वापराव्यात की नाही, हा नसून त्यांच्यावर काय सोपवावे आणि काय सोपवू नये, हा आहे.

निष्कर्ष :

१) मोफत सेवांवरील मजकुराची मालकी कायद्याने बहुधा लेखकाची असते, ताबा कंपनीचा असतो आणि तो काढण्याचा अधिकार कंपनी व शासन यांच्यात विभागलेला असतो. या तीन बाबी एकच समजणे चुकीचे आहे.
२) १९९९ चा वाद दर्शवितो की, वापरकर्ते संघटित झाल्यास अटी बदलू शकतात, मात्र सेवा बंद होताना असा संघटित दबाव परिणामकारक ठरल्याचे दिसत नाही.
३) महाराष्ट्रातील २००६ ते २०१२ मधील घटनांवरून मजकुराच्या दायित्वाचा भार अनेकदा असंबद्ध व दुर्बल व्यक्तींवर पडल्याचे आढळून येते.
४) भारतीय कायदा मजकूर काढण्याविषयी विस्ताराने बोलतो, मजकूर टिकविण्याविषयी व तो लेखकास परत देण्याविषयी अत्यल्प बोलतो.

उपाययोजना :

महाविद्यालयांनी नियतकालिके, वार्षिकांक, चर्चासत्रांचे निबंध व विद्यार्थ्यांचे प्रकल्प यांची एक प्रत आपल्या ग्रंथालयात, स्वतःच्या साठवणीत ठेवावी. मोफत सेवेवरील प्रत ही केवळ दर्शनी प्रत समजावी. जुन्या फाँटमधील मराठी मजकूर, तो वाचणारी यंत्रे उपलब्ध आहेत तोपर्यंत, युनिकोडमध्ये आणावा. सेवेचे खाते एका प्राध्यापकाच्या वैयक्तिक नावाने नसावे. बदली वा निवृत्तीनंतर किल्लीच हरवते. पीएच.डी. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’चा भांडार जसा उभा राहिला, तसा महाविद्यालयीन स्तरावरील मराठी लेखनासाठी विद्यापीठाने उभारावा. स्थानिक इतिहासाच्या साधनांच्या किमान दोन छापील प्रती काढून त्यांपैकी एक गावातच ठेवावी.

समारोप :

दासोपंतांची पासोडी टिकली ती कापड अविनाशी होते म्हणून नव्हे. ती आपली आहे, असे मानणारी माणसे अंबाजोगाईत होती म्हणून. आंतरजालावरील आपल्या मजकुराबाबत असे मानणारी माणसे कंपनीच्या कार्यालयात असण्याचे कारण नाही. ती आपल्या ग्रंथालयात, आपल्या विभागात असावयास हवीत. मोफत मिळालेल्या जागेत लिहिण्यास हरकत नाही. मात्र मूळ प्रत आपल्या कपाटात असावी आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे विभागातील किमान दोघांना ठाऊक असावे.